गोझो (माल्टा): गाईड न घेता, आपलं आपण पायी फिरायचं बेट

अनवट_वाट
माल्टाला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी लोकांचे फोटो बघितले तर गोझो, भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशाचं मुख्य बेटाशेजारचं छोटं बेट, अर्ध्या दिवसात उरकलेलं दिसतं. सकाळची फेरीबोट, जीपमधून चार ठिकाणं, जेवण, संध्याकाळी परत. मला हे बघून खरंच हळहळ वाटते, म्हणून हा धागा काढतेय. गोझो हे पायी फिरायचं बेट आहे, आणि तेसुद्धा कुणाच्या मागे न चालता.

आम्ही दोघं फेब्रुवारीच्या शेवटी गेलो होतो. युरोपात याला सेल्फ गायडेड वॉकिंग म्हणतात, म्हणजे ग्रुप नाही, झेंडा घेऊन पुढे चालणारा माणूस नाही, नकाशा आपल्या मोबाईलमध्ये, कधी निघायचं आणि कुठे तासभर बसून राहायचं ते आपण ठरवायचं. काही कंपन्या हॉटेलं, रोजच्या वाटेची टिपणं आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवणं असं पॅकेज देतात, पण गोझोला त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बेट आहे साधारण १४ किमी लांब आणि ७ किमी रुंद, क्षेत्रफळ ६७ चौकिमी, आणि बहुतेक सगळ्या बस मधल्या व्हिक्टोरिया गावातून सुटतात. एकाच ठिकाणी खोली घ्यायची, सकाळी बसने एका टोकाला जायचं, चालत दुसऱ्या टोकाला निघायचं, तिथून बस पकडून घरी. पाठीवर फक्त पाणी, डबा आणि जॅकेट.

सगळा किनारा धरला तर पन्नासेक किमीची प्रदक्षिणा होते, तिचे चार तुकडे पाडता येतात. पहिला इमजार बंदरापासून दक्षिण किनाऱ्याने श्लेंदीपर्यंत. यात इमजार इश-शीनी नावाची एक चिंचोळी खाडी लागते, तोंडाशी १६६१ चा पहाऱ्याचा बुरूज, आणि मग वर चढलं की ता चेंचचे कडे, शंभर मीटरहून जास्त सरळसोट खाली समुद्र. दुसरा श्लेंदी ते द्वेइरा, अंतराने छोटा पण माझा सगळ्यात आवडता. तिसरा द्वेइरापासून आर्ब गावावरून उत्तरेला वळून मिठागरं बघत मार्सालफोर्न. चौथा मार्सालफोर्नपासून रामलाच्या तांबड्या वाळूवरून, सान ब्लासची खडी उतरण, नादूर, आणि परत इमजार. यातला कुठलाच तुकडा सह्याद्रीत फिरणाऱ्याला दमवणारा नाही, पण पायाखालचा दगड फार खवट आहे, त्यावर नंतर लिहिते.

मिठागरांबद्दल मात्र आत्ताच लिहायला हवं. श्वेइनीच्या किनाऱ्यावर पिवळसर मऊ चुनखडकात चौकोनी उथळ खाचे कोरलेत, एकाला एक लागून, किनाऱ्याने लांबवर पसरलेले, आणि साडेतीनशे वर्षं इथे मीठ काढतायत. उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची वाफ होऊन तळाशी मीठ धरतं, मग घरातली माणसं झाडूने ते ओढून ढीग करतात. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नव्हता, खाच्यांत पावसाचं आणि लाटांचं पाणी एकत्र साठलेलं, कडेला मिठाचा पातळ पापुद्रा, बोट लावलं की चुरा व्हायचा. शेजारी खडकातच कोरलेल्या खोल्या आहेत, तिथे मीठ साठवतात आणि विकतातही. जीपवाले इथे पाच मिनिटं थांबतात. चालत आलात तर आधी अर्धा तास वरून सगळी जाळी दिसत राहते, मग जवळ येते, मग तुम्ही तिच्या कडेने चालता, आणि कुठला खाचा जुना, कुठला अलीकडे सिमेंटने डागडुजी केलेला ते आपोआप कळायला लागतं.

हिवाळ्यात बेट हिरवंगार असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. भूमध्य समुद्रातलं बेट म्हटलं की पिवळं करपलेलं चित्र डोळ्यासमोर येतं, ते जून ते सप्टेंबरचं. पाऊस ऑक्टोबरपासून हिवाळाभर पडतो, त्यामुळे फेब्रुवारीत शेतं आपल्या आंबुशीच्या जातीतल्या पिवळ्या फुलांनी भरलेली, बदामाला मोहोर, रचीव दगडी कुंपणांच्या फटींतून केपरची झुडपं आलेली. ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा चालण्याचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही, तेव्हा कृपा करून जाऊ नका.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

मेधा_ठाणे
किती छान लिहिलंयस गं! वाचनखूण साठवली. दोन शंका. माझी आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण रोज चालते. तिला नेता येईल का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तर तिथे खायचं काय?

जिज्ञासू
भारी. पण ॲझ्युअर विंडो, ती द्वेइराची प्रसिद्ध खडकाची कमान, पडली ना? मग तिथे बघायला काय उरलंय?

अनवट_वाट
मेधाताई, आईंना नक्की न्या. मार्सालफोर्न ते श्वेइनी समुद्राला लागून सपाट रस्ता आहे, जाऊन येऊन चार-एक किमी, वाटेत कुठेही बसता येतं. द्वेइराला बस थेट खाली जाते. व्हिक्टोरियातली चितादेल्ला ही गढी थोडी चढाची आहे पण तट फिरता येतो आणि वरून सगळं बेट दिसतं, एवढ्याश्या जागेतून चहूबाजूंनी समुद्र. ता चेंचला मात्र त्यांना न्यायचं तर सान्नात गावाच्या बाजूने पठारावर, कड्यापासून लांब.

खाण्याचं: गोझोची फ्तीरा म्हणजे भट्टीत भाजलेली चपटी रोटी, वर बटाट्याच्या चकत्या आणि चीज, एकात दोघांचं पोट भरतं. बिगिल्ला म्हणजे वाटलेल्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी म्हणा, पावाबरोबर मस्त लागते. आणि पास्तित्सी, खुसखुशीत पापुद्र्यांची, आत रिकोटा किंवा वाटाणा. पण इथे सावध राहा, पारंपरिक पास्तित्सीच्या कणकेत डुकराची चरबी घालतात, काही ठिकाणी मार्गारिन वापरतात. दुकानात विचारल्याशिवाय घेऊ नका. इंग्रजी तिथली अधिकृत भाषा आहे त्यामुळे विचारायला काही अडचण नाही, लोक नीट सांगतात. तिथलं जे छोटं गोल मेंढीच्या दुधाचं चीज असतं, जबेनिएत, तेही प्राण्यांच्या विरजणाने बनतं, कडक पाळत असाल तर तेही टाळा.

जिज्ञासू, कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. पण द्वेइरा म्हणजे फक्त ती कमान नव्हती हो. तिथे कड्यांच्या आतल्या बाजूला एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे, भर खडकातल्या बोगद्यातून समुद्राला जोडलेलं, समुद्र शांत असेल तर छोट्या होडीतून त्या बोगद्यातून बाहेर नेतात. समोर फंगस रॉक, त्यावर उगवणारी एक परजीवी वनस्पती औषधी म्हणून एवढी मौल्यवान मानायचे की १७४६ मध्ये ग्रँड मास्टर पिंतोने, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या प्रमुखाने, त्या खडकावर जायला बंदी घातली. १६५२ चा बुरूज वर उभा आहे. कमान नसताना तिथे गर्दी कमी झाली असेल तर चालणाऱ्यांचा फायदाच.

कोकणातला_बंड्या
एक मनापासून विचारतो. एवढा खर्च करून कडे आणि समुद्र बघायला तिकडे कशाला, आपल्याकडे वेळास ते आंजर्ले चाला की. व्हिसा, विमान, हॉटेल, सगळं धरलं तर त्यात कोकण वर्षभर फिरून होईल.

चिन्मय_डब्लिन
बंड्याभाऊ, कोकण कोकणच आहे, त्यात वादच नाही. पण आमच्यासारखे जे युरोपात राहतात त्यांना ही तीन-चार तासांची फ्लाईट आहे. आणि दुसरं, इथे वाट सापडण्याची एक सोय आहे, बेटाच्या पर्यटन खात्याने वेगवेगळ्या वाटांच्या पुस्तिका काढल्यात, द्वेइरा वॉक, सॉल्टपॅन वॉक, रामला वॉक वगैरे, त्यात वाटेतली देवळं, बुरूज, झाडं सगळं दिलंय. आपल्या किनाऱ्यावर कुणी असं केलं तर मी पहिला चालायला येईन.

मी स्पेनच्या मेनोर्का बेटावरची कामी दे कव्हाल्स चाललोय, तुलना म्हणून लिहितो. ती पूर्ण बेटाभोवतीची १८५ किमीची जुनी घोडेवाट, २० टप्पे, २०१० मध्ये सगळी लोकांना खुली झाली, खांब रोवून खुणा केलेल्या. तिथे चुकायला वाव नाही, पण मुक्काम रोज बदलतो आणि काही टप्प्यांच्या शेवटी गावच नाही, म्हणून सामान पोचवणारं पॅकेज तिथे खरंच कामाचं आहे. गोझोला एका जागी राहून सगळं होतं हे अनवटचं म्हणणं पूर्ण पटलं. पॅकेजबद्दल अजून एक. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने गोझोचं पॅकेज घेतलं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही, पण वाटेची टिपणं इतकी जुनी की "पांढऱ्या गेटापाशी डावीकडे" असं लिहिलेलं आणि तिथे गेटच नाही, आता बंगला झालाय. शेवटी फोनमधल्या ऑफलाईन ओपन स्ट्रीट मॅपवरच फिरले. मग पैसे कशाचे दिले?

अनवट_वाट
चिन्मय, अगदी. ऑफलाईन मॅप हाच खरा गाईड. फक्त नकाशावर ठिपक्यांची वाट दिसली म्हणजे ती चालायला मोकळी असेलच असं नाही. तिथे शिकाऱ्यांचे दगडी आडोसे ठिकठिकाणी आहेत आणि भिंतींवर लाल-काळ्या रंगात आरटीओ असं रंगवलेलं दिसतं, म्हणजे जागा राखीव आहे, आत येऊ नका. सप्टेंबर ते जानेवारी आणि परत एप्रिलमध्ये काही दिवस शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा पहाटे बंदुकीचे आवाज येतात. पक्ष्यांवर प्रेम असणाऱ्याला हे बघवत नाही, मला तर फार लागलं ते, पण वाद घालायच्या भानगडीत पडू नका, नमस्कार करून बाजूच्या वाटेने जा.

भूगर्भ
दगड खवट का ते मी सांगतो, माझा विषय आहे. हे अख्खं बेट चुनखडकाच्या थरांचं आहे, आणि थर समजले की चालताना पुढे काय लागणार ते आधीच कळतं. सगळ्यात खाली कठीण प्रवाळी चुनखडक, ता चेंच आणि द्वेइराचे कडे त्याचेच, कोसळलेली कमान पण त्याचीच. त्यावर मऊ, मधाच्या रंगाचा ग्लोबिजेरिना चुनखडक, घरं, चर्चं सगळी याच दगडाची, मिठागरं याच्यातच कोरली कारण तो छिन्नीला पटकन ऐकतो. त्यावर निळसर चिकणमाती. आणि सगळ्यात वर परत कठीण प्रवाळी चुनखडक, त्याचं पाण्याने झिजून सुऱ्यांसारखं टोकदार पृष्ठ होतं, तोच तुमचे बूट फाडतो.

आता गंमत त्या मातीत आहे. वरच्या खडकात मुरलेलं पावसाचं पाणी मातीपाशी येऊन अडतं आणि त्या रेषेवर झरे फुटतात. म्हणून शारा, नादूर ही गावं वर पठारावर आणि त्यांच्या खालच्या उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. गोझो मोठ्या माल्टापेक्षा हिरवं दिसतं त्याचं एक मोठं कारण हेच, मातीचा थर इथे जास्त उघडा पडलाय. आपले दख्खनचे सपाट माथ्याचे डोंगर बघितलेल्यांना गोझोच्या टेकड्या ओळखीच्या वाटतील, पण आपला काळा बेसॉल्ट लाव्ह्याचा आणि हा समुद्रात साचलेला, दोन्हीकडे वरचा कडक थर खालच्याचं रक्षण करतो एवढंच साम्य.

कामाची गोष्ट: पाऊस पडून गेल्यावर रामला आणि सान ब्लासच्या उतारावर जाऊ नका. ओली चिकणमाती बुटाला किलो-किलोने चिकटते आणि पाय सटकतो. एक दिवस सुकू द्या. आणि कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभं राहायचं नाही, खालून पोखरलेला खडक वरून शाबूत दिसतो. कठडे बिठडे कुठे नाहीत.

मेधा_ठाणे
बापरे, हे वाचून तर आता जायलाच हवं. भूगर्भ सर, वेगळा लेख लिहा ना यावर. वाट बघतेय.

इतिहासवेडा
गढीचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण हे माहीत असेल तर ती वाट वेगळीच दिसते. १५५१ च्या जुलैमध्ये तुर्गुत रेईस आणि सिनान पाशाच्या ऑटोमन तुर्की आरमाराने गोझोवर हल्ला केला. लोक चितादेल्लात शिरले, गढी पडली, आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाच-सहा हजार, गुलाम म्हणून पकडून नेली. एक बेट एका महिन्यात रिकामं झालं. नंतर हळूहळू वस्ती परत आली, पण लोकांनी रात्री गढीच्या आत येऊनच झोपायचं असा नियम होता, तो १६३७ पर्यंत. म्हणजे दिवसभर शेतात आणि अंधार पडायच्या आत चितादेल्लात. किनाऱ्यावरचे बुरूज त्यानंतरचे, श्लेंदीचा १६५०, द्वेइराचा १६५२, इमजार इश-शीनीचा १६६१. गलबत दिसलं की इशारा द्यायचा, म्हणजे आतल्या माणसांना पळायला वेळ मिळावा. किनाऱ्याने चालताना एका बुरुजावरून पुढचा कुठे दिसतो ते बघत जा.

आपला एक धागा पण आहे माल्टाशी. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरण तापलं तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे ७ हजार फौज माल्टाला आणली, मुंबईहून जहाजांनी, सुवेझमार्गे. त्यात मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणी आणि बॉम्बे सॅपर्स होते, तेच सॅपर्स ज्यांचं केंद्र आज पुण्यात खडकीला आहे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये यावरून बराच गदारोळ झाला की संसदेला न विचारता हिंदी फौज युरोपात आणलीच कशी. उन्हाळ्यातच ती पुढे सायप्रसला गेली. म्हणजे आपल्या भागातली माणसं दीडशे वर्षांपूर्वी या दगडांवर तंबू ठोकून राहिलीत. राजधानी व्हॅलेटात फिरताना मला सारखं तेच आठवत होतं.

कोकणातला_बंड्या
हे माहीत नव्हतं राव. खडकीला माझा मावसभाऊ आहे सॅपर्समध्ये, त्याला हा धागा पाठवतो आत्ताच. बरं खर्चाचा अंदाज तरी द्या, शिव्या नका घालू.

सुनंदा_काकू
मी एकटीच फिरते, साठी उलटली आहे. गोझोला मागच्या नोव्हेंबरात गेले होते. एकट्या बाईला काही त्रास नाही, अंधार पडल्यावर गावातून चालतसुद्धा घरी आलेय. पण डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य मावळतो, तर सकाळी लवकर निघावं आणि शेवटचा तासभर गावाजवळ असावं. वाटेत चालणारं दुसरं माणूस अर्धा-अर्धा दिवस दिसत नाही, म्हणून घरमालकिणीला रोज सांगून निघायचे कुठल्या वाटेने जातेय. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर फोनमध्ये ठेवा.

आणि एक सांगायचं राहिलं कुणाचं. जिगांतियाची देवळं. शारा गावात. इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची, गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीची. धातूचं हत्यार नसताना एवढाले दगड उभे केले त्या माणसांनी. मी रामलाहून चढून तिथे गेले, दुपारच्या वेळी बसवाले सगळे गेलेले, आणि त्या गोलाकार खोल्यांत मी आणि एक पाल. भिंतीच्या दगडावर हात टेकायचा मोह होतो पण टेकू नका, लाकडी वाटेवरूनच चाला. तिकिटात जवळची ता कोलाची पवनचक्की पण येते, १७२५ ची आहे, वरपर्यंत चढता येतं.

अनवट_वाट
काकू, किती छान. तुमच्याकडून ऐकून अजून चार बायका एकट्या जातील.

बंड्याभाऊ, खर्च. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, वर सेंटरचे चार्ज, आणि ३० हजार युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. भारतातून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरावरून जावं लागतं, हाच सगळ्यात मोठा खर्च. एकदा पोचलात की स्वस्त पडतं, कारण रोजचा खर्च म्हणजे बस आणि खाणं. विमानतळावरून एक्स-वन नंबरची बस थेट चिरकेव्वा धक्क्याला जाते, तिथून फेरी पंचवीस मिनिटांत इमजारला. जाताना तिकीट मागतच नाहीत, पैसे गोझोहून परत येताना द्यायचे. व्हॅलेटाहून थेट फास्ट फेरी पण आहे, पाऊण तास लागतो, ती फक्त माणसांसाठी. हिवाळ्यात राहायच्या खोल्या उन्हाळ्याच्या मानाने बऱ्याच कमी भावात मिळतात. जुनी दगडी घरं भाड्याने देतात, स्वैपाकघर असतं, मेधाताई तुम्हाला तेच सोयीचं, पण हीटर चालतो ना ते आधी विचारा. दगडी घरं आतून फार गार असतात आणि ओल असते.

जिज्ञासू
समुद्र खवळला तर फेरी बंद पडते का? परतीचं विमान चुकायला नको.

चिन्मय_डब्लिन
जोराचं वादळ असेल तर काही वेळ बंद राहते, हिवाळ्यात होतं असं. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मोठ्या माल्टावर येऊन राहावं. नाहीतरी तिकडे हाल साफ्लिएनी ही जमिनीखालची दफनभूमी बघायचीच असते, दिवसाला फक्त ८० लोकांना सोडतात आणि तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, तर विमानाच्याही आधी ते तिकीट काढा. इमदिना हे जुनं तटबंदीचं शहर आणि दिंगलीचे कडे त्याच दिवशी पायी होतात.

अजून एक, प्लग तिकडे ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा, आणि गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. गावाबाहेर फुटपाथ नसतो, दोन्ही बाजूला दगडी भिंती आणि मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता, तर डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, म्हणजे उजव्या बाजूने चाला.

मेधा_ठाणे
अनवट, तू म्हणालीस श्लेंदी ते द्वेइरा तुझा सगळ्यात आवडता. का ते लिहिलंच नाहीस!

अनवट_वाट
अगं हो, राहिलंच. श्लेंदी हे आता बऱ्यापैकी हॉटेलांचं गाव झालंय, उंच इमारती खाडीच्या तोंडापर्यंत आल्यात, आणि मला ते बघून वाईटच वाटलं. पण पायऱ्या चढून पठारावर आलं की दहा मिनिटांत मागचं सगळं दिसेनासं होतं. मग डावीकडे सतत समुद्र, उजवीकडे कमरेएवढ्या भिंतींची शेतं, बटाटा, कांदा, मधेच चाऱ्याचं गवत. पायाखाली थाइमची बुटकी झुडपं, बूट घासला की वास सुटतो, तिथला मध याच फुलांवरचा म्हणून इतका उग्र गोड लागतो. वारा वायव्येकडून थेट अंगावर. एका शेतात एक आजोबा भिंतीचा ढासळलेला भाग रचत होते, चुना नाही सिमेंट नाही, दगड हातात फिरवून बघायचा, बसेल तिथेच बसवायचा, फटीत बारीक खडी कोंबायची. आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो, त्यांनी काही विचारलं नाही, आम्हीही नाही, मग त्यांनी वाटेकडे हात केला की इकडून नका, तिकडून जा, पुढे भिंत पडलीये. नकाशात ते नव्हतं. जीपमधून गेलो असतो तर तो माणूसही नसता आणि ती भिंतही.

वाट शेवटी खाली उतरते तिथे फंगस रॉक अचानक खाली दिसतो, आणि समोर तो बुरूज. मी तुला माझ्या वाटेची ट्रॅक फाईल व्यक्तिगत निरोपाने पाठवते. आईंना बसने पुढे द्वेइराला पाठव, तळ्याकाठी चहाची टपरी आहे, तिथे भेटा.

मेधा_ठाणे
पाठव पाठव. मार्चच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं बघतेय, व्हिसासाठी कागदपत्रांची यादी पण टाक प्लीज.